व्हेज कोल्हापुरी नावाचा पदार्थ कोल्हापुरात कुणी खाल्लाय का?

रंकाळाकाठ · सोमवार, रात्री १०.१२

गेल्या शुक्रवारी ऑफिसातल्या एकाला निरोप द्यायचा होता. बंगळुरातलं बऱ्यापैकी महागडं हॉटेल. आमच्या टीममधला लुधियानाचा पोरगा मेनूकार्ड चाळता चाळता एकदम खूश झाला आणि वेटरला म्हणाला, "एक व्हेज कोल्हापुरी, झणझणीत. हे साहेब तिथलेच आहेत." मग सगळं टेबल माझ्याकडं असं बघायला लागलं, की जणू आता माझी मुंज लागायचीय.

आलं ते असं : फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार. टोमॅटो-काजूची दाट ग्रेव्ही. वर तळलेल्या दोन सुक्या मिरच्या, आडव्या, हार घातल्यासारख्या. मी दोन घास खाल्ले आणि "भारी आहे" म्हणालो. काय करणार, पोरगं प्रेमानं मागवत होतं. पण मंडळी, मी मंगळवार पेठेत जन्मलो, पंचवीस वर्षं तिथंच काढली. आईनं ही भाजी कधी केली नाही, शेजारच्या काकूंनी केली नाही, लग्नाच्या पंगतीत कधी वाढली नाही. आता कोल्हापुरातल्या हॉटेलांतही मिळते, ते वेगळं. पाहुणे मागतात म्हणून ठेवतात.

आम्ही तिखट खात नाही असं म्हणायचं नाही मला. खातो की. मिसळीचा कट आहे, खर्डा आहे. पण बाहेर जो हिशेब झालाय, कोल्हापुरी म्हणजे लालभडक आणि लालभडक म्हणजे डोळ्यांतून पाणी, तो आमच्या स्वयंपाकघरात चालत नाही. तांबड्या रश्श्याचा तांबडेपणा बराचसा ब्याडगी मिरचीचा. ब्याडगीचं काम रंग द्यायचं, जाळायचं नाही. जाळायला संकेश्वरी असते, लवंगी असते. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची वेळ आली की कुठली मिरची किती, हा प्रत्येक घरातल्या बायकांचा गुप्त खलिता असतो. मिरची कांडायच्या डंकावर रांगेत उभ्या असलेल्या दोन जावासुद्धा एकमेकींना खरं प्रमाण सांगत नाहीत. (तुम्ही ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणता त्याला आम्ही नुसतं 'चटणी' म्हणतो. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर महिनाभर तिला कळेना की हे लोक आमटीत चटणी का घालतात.)

आणि पांढरा रस्सा? मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, थोडे काजू. त्यात लाल काय आहे? घरात मटण शिजलं की पहिली वाटी अळणीची, ती लहान पोरांना. मग गूळ. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ सालापासून भौगोलिक मानांकन आहे. गंगावेशीत म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईक ग्लास घेऊन थांबतं, समोर धार काढून फेसाळतं दूध हातात. तालमीत थंडाई. दूध, गूळ, थंडाई. एका तरी मेनूकार्डावर 'कोल्हापुरी' म्हणून यातलं काही दिसलंय?

तर विचारायचं एवढंच. तुमच्या गावाबद्दल, गावच्या माणसांबद्दल, ताटाबद्दल बाहेरच्यांनी काय ठरवून टाकलंय? आणि घरात खरं काय असतं?

---

नुसताच_वाचक · सोमवार, रात्री १०.३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुणं कितव्या प्रतिसादात येतंय ते मोजतो.

---

दिवेलागण · सोमवार, रात्री १०.४०

दुसऱ्याच. घ्या.

आमच्याबद्दल जे काही आहे ते सगळ्यांना पाठ आहे. पाट्या, १ ते ४, 'जेवूनच आला असाल'. मी पन्नाशीची आहे, जन्म नारायण पेठेतला. दुपारची झोप खरी आहे, त्याबद्दल माफी मागणार नाही. सकाळी सातला दुकान उघडणारा माणूस दुपारी आडवा होणारच.

पण गंमत अशी झालीय की हल्ली पाट्या लोकांनी हसावं म्हणूनच लावतात. आमच्या गल्लीतल्या एका दुकानदारानं खास दोन खोचक पाट्या रंगवून घेतल्या, कारण लोक त्यांचे फोटो काढतात आणि मग आत येऊन काहीतरी घेतात. स्वभावानं तो माणूस अगदी मवाळ, परवा मला पिशवी घरापर्यंत आणून दिली. म्हणजे बाहेरच्यांनी आमचं जे चित्र काढलं, ते आम्हीच आता चौकटीत घालून विकतोय.

आणि हे चित्र तरी कुठल्या पुण्याचं? चार-पाच पेठांचं. कॅम्पातला इराणी चहा, भवानी पेठेतला व्यापार, कँटोन्मेंट, पिंपरी-चिंचवडचे कारखाने, साताऱ्याहून, सोलापूरहून, लातूरहून आलेली लाखो माणसं, ही कुणी त्या विनोदात नसतात. आमच्या सोसायटीत २४ बिऱ्हाडं. मूळची पुण्याची चार. सगळ्यांत पुणेरी कोण, तर बार्शीहून आलेले सेक्रेटरी.

---

तर्रीदार · सोमवार, रात्री ११.०५

अहो रंकाळाकाठ, तुमच्या नावानं निदान फ्लॉवर तरी खपतोय. आमच्या नावावर फक्त दोन गोष्टी : संत्री आणि सावजी.

संत्र्याचं आधी. 'नागपुरी संत्रा' म्हणता तो खरा पिकतो काटोल, नरखेडला आणि त्याहून पलीकडं अमरावती जिल्ह्यात वरूड, मोर्शीला. नागपूरची बाजारपेठ, म्हणून नाव नागपूरचं. वरूडचा शेतकरी यावर काय म्हणतो ते इथं लिहिता येणार नाही.

सावजी म्हणाल तर ती मुळात हलबा कोष्टी समाजाच्या घरची रांधण. विणकर माणसं. मसाले कोरडे भाजून वाटायचे, काळपट रस्सा, पूर्वी जवसाच्या तेलात करत. त्यांची भोजनालयं निघाली, चालली, आणि बाहेरच्यांना वाटायला लागलं की नागपूरच्या घराघरात रोज हेच शिजते. माझ्या आईनं जन्मात सावजी केली नाही. आमच्या घरी वडा-भात, गोळा-भात, पाटवडीचा रस्सा, आणि थंडीत सांबारवडी.

सांबारवडीवरून आठवलं. मुंबईचा एक मित्र आमच्याकडे आला होता. आई म्हणाली, "बस, तुझ्यासाठी सांबार निवडून ठेवला." हा बिचारा इडलीची वाट बघत बसला. आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर! दोन जुड्या समोर पाहून त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

माणसांबद्दल म्हणतात वैदर्भीय आळशी, आरामात. ४६ डिग्रीत दुपारी बाराला रस्त्यावर उभं राहून दाखवा, मग बोलू.

---

पंचगंगेचा_गाळ · मंगळवार, सकाळी ७.५०

रंकाळाकाठ, लेख वाचून बरं वाटलं, आणि थोडं टोचलंही. 'आमच्या स्वयंपाकघरात' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर एकच स्वयंपाकघर आहे.

मीही कोल्हापूर जिल्ह्याचाच, शिरोळ तालुक्यातला. आम्ही जैन, पिढ्यान्पिढ्या शेती. आमच्या घरात मटण सोडा, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. तांबडा नाही, पांढरा नाही, अळणीही नाही. कोल्हापूर, सांगली, तिकडं बेळगाव, या पट्ट्यात आमच्यासारखी शेतकरी जैन घरं गावोगाव आहेत. पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा गाव सांगितलं की पहिला प्रश्न, "मग काय, मटण जोरात?" आमच्यात चालत नाही म्हटलं की समोरचा असा बघायचा, की मी गाव खोटं सांगतोय. एकदा तर एकजण म्हणाला, "मग तू ओरिजिनल कोल्हापुरी नाहीस." बोलणारा कोण, तर कोल्हापुरातलाच!

तेव्हा बाहेरचे चुकतात ते चुकतातच. पण गावातल्या गावातही 'खरा गाववाला' कोण, याचं मेनूकार्ड आपणच छापून ठेवलंय.

---

रंकाळाकाठ · मंगळवार, सकाळी ९.१५

गाळ भाऊ, मान्य. लिहिताना खरंच डोक्यात आलं नाही. माझा वर्गमित्र जैन होता, दहा वर्षं त्याच्या डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली मी. तरी 'कोल्हापूरचं जेवण' म्हटल्यावर हात आपोआप मटणाकडंच गेला. त्याला ही लिंक पाठवतोय. शिव्या घालेल.

---

माडाखाली · मंगळवार, सकाळी ११.२०

मालवणीचा विषय निघणारच होता, मीच काढते.

मुंबईत 'मालवणी' पाटीखाली बसलं की समोर येतं ते म्हणजे सुरमई, कोलंबी आणि गुलाबी रंगाची सोलकढी. ती इतकी गुलाबी असते की काचेच्या भांड्यात ठेवली तर शोभेची वस्तू वाटावी. घरच्या आगळाची कढी इतकी ठसठशीत गुलाबी होत नाही. फिकट, थोडी मळकट, वर हिरव्या मिरचीचा नि लसणीचा वास. नारळ नसेल त्या दिवशी नुसत्या कोकमाच्या पाण्याची, तिला कुणी 'मालवणी ड्रिंक' म्हणून तीस रुपये घेत नाही.

आणि मासे रोज कुठले? आमच्या लहानपणी सोमवार, संकष्टी, एकादशी, आख्खा श्रावण, गणपती, कुणाचं ना कुणाचं व्रत. मासे नसलेले दिवस मोजले तर निम्मं वर्ष होईल. त्या दिवसांत घरी काय असायचं ते पाटीवर कधी दिसत नाही : काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळी, घावणे-रस, फणसाची भाजी, केळफूल. आमच्याकडं सांबारं म्हणजे वाटपाचा रस्सा बरं का तर्रीदार, कोथिंबीर नव्हे.

तिरफळाचीही तीच गोष्ट. मालवणी जेवण म्हणजे तिरफळ, असं कुणीतरी लिहून ठेवलंय वाटतं. हॉटेलवाले पापलेटातसुद्धा घालतात! बांगड्याला तिरफळ, तारल्याला तिरफळ. पापलेटात घातलं असतं तर माझ्या आजीनं ताट उचलून नेलं असतं.

आता माणसांचं. 'कोकणी माणूस वरून काटेरी, आतून गोड' हे ऐकून ऐकून फणसाचाही कंटाळा आलाय. आतून गोड नसलेले कितीतरी मला माहीत आहेत, बरेचसे नात्यातलेच. एक कबुली मात्र आमच्या बाजूनं. घाट चढून वर राहणाऱ्या कुणालाही आमच्याकडं सरसकट 'घाटी' म्हणतात. सातारचा, नगरचा, सोलापूरचा, काही फरक नाही. तुमच्या लुधियानाच्या पोराला कोल्हापूर म्हणजे मिरची, आणि आम्हाला अर्धा महाराष्ट्र म्हणजे एक शब्द.

---

सह्याद्रीचा_दगड · मंगळवार, दुपारी १२.०२

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

---

दिवेलागण · मंगळवार, दुपारी १२.१०

बरं झालं काढलात. मी वाचला होता.

---

मांडवीतीर · मंगळवार, दुपारी ३.४५

गोव्याहून. आमचं दुखणं जगजाहीर आहे, म्हणून समुद्रकिनारा, दारू वगैरेवर काही लिहीत नाही. फक्त पावसाळ्याचं सांगतो.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचे दिवस. हल्ली पाऊस बघायला पर्यटक नेमके याच दोन महिन्यांत येतात आणि शॅक बंद म्हणून हॉटेलात बसून किंगफिश मागतात. मिळतो ना, शीतपेटीतला. खाऊन म्हणतात, वा, गोव्याचा ताजा मासा!

तेव्हा घरी आम्ही काय खातो? मे महिन्यात भरून ठेवलेलं पुरुमेत. सुके बांगडे, सुकी सुंगटां म्हणजे कोलंबी, सोलां म्हणजे कोकमं, मिरच्या, खारातल्या कैऱ्या. पावसाच्या दुपारी उकड्या तांदळाची पेज, सुंगटांची किसमूर, बाजूला खारातली मिरची. हे जेवण पैसे देऊन मिळायचं नाही, कारण ते विकावं असं कुणाला वाटलंच नाही. आम्हालाच त्याची लाज वाटायची. पाहुणा आला की आई सुक्या माशाचा डबा झाकून ठेवायची, वास जाऊ नये म्हणून उदबत्ती लावायची.

हे मला महत्त्वाचं वाटतं. बाहेरचे चुकीचं समजतात असं आपण म्हणतो. पण आपण त्यांना काय दाखवतो? पाहुण्यासमोर विकतची सुरमई, घरच्यांसाठी पेज.

अवांतर : सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडं उंडे असतात, पोय असते, काकणं असतात. पर्यटक सगळ्याला 'पाव' म्हणतात आणि सगळ्यात 'गोवन पाव' म्हणून मऊ लादी शोधतात. पोय घ्या, गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ. दुपारपर्यंत चामडं होते, म्हणून सकाळीच.

---

येळवस · मंगळवार, रात्री ९.३०

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो, कारण तुमच्या सगळ्यांच्या गावांची ओळख निदान खाण्यावरून तरी आहे.

मी लातूरचा. तीस वर्षांत माझ्या गावाची ओळख तीन वेळा बदलली. शाळेत होतो तेव्हा मामाकडं मुंबईला गेलो की लोक विचारायचे, भूकंपात तुमचं घर पडलं का? ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपलेले. आमचं घर लातूर शहरात, पडलं नाही, नुसत्या भिंतींना भेगा. पण 'नाही पडलं' म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा, म्हणून एक-दोनदा मी पडलं असं सांगितलं. लहान होतो. किल्लारीच्या माणसांनी जे भोगलं ते नंतर कळलं, तेव्हा त्या खोट्याची लाज वाटली. अजून वाटते.

मग लातूर पॅटर्न आला. बारावी, मेरिट, क्लासेस. पुण्यात हॉस्टेलवर 'लातूरचा' म्हटलं की पोरं म्हणायची, हा घोकंपट्टीवाला. मला ५८ टक्के होते.

आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या गाडीचा फोटो देशभर छापून आला. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "आता पाणी असतं का हो?" हैदराबादला एका लग्नात यजमानांनी मला सारखं सारखं पाणी वाढलं. मनापासून. मी पीत राहिलो.

दुष्काळ खोटा आहे असं नाही. घागरींच्या रांगेत मी स्वतः पहाटे तीनला उभा राहिलोय. पण त्याच मातीत दरवर्षी येळवस होते आणि ती बाहेर कुणाला ठाऊक नाही. वेळ अमावस्या. कानडी 'एळ्ळ अमावस्ये'वरून आलं म्हणतात, आमच्याकडं कानडी शब्द पुष्कळ. मार्गशीर्षातली अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत पडते. त्या दिवशी लातूर शहरात या, संचारबंदी लागलीय असं वाटेल. दुकानं बंद, रस्ते मोकळे. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड, ते पाच पांडव, त्यांची पूजा. मग जेवण : भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. ओले हरभरे, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, त्या दिवसांत रानात जे जे हिरवं असेल ते, हरभऱ्याच्या पिठात एकत्र शिजवलेलं. आंबील ज्वारीच्या पिठाची, ताकातली, मडक्यात आदल्या रात्रीपासून मुरलेली. शेत नसलेल्याला कुणीतरी बोलावतंच. अनोळखी माणूस बांधावरून चालला असेल तर त्यालाही हाक मारून बसवतात. ज्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात या दिवशी आंबिलीला नाही म्हटलेलं चालत नाही. तांब्या पुढं करतात आणि वाटी रिकामी होईतो उभे राहतात.

२०१६ ला पाण्याची पहिली गाडी आली त्याच्या आधीच्या येळवशीला आमच्या रानात हरभरा वितीएवढाही नव्हता. बाजारातून ओले दाणे विकत आणून भज्जी केली. पण केली.

---

माडाखाली · मंगळवार, रात्री ९.५८

येळवस, पुढच्या अमावस्येची तारीख टाकून ठेवा. मी घाटावर कधी आले नाही, या निमित्तानं येईन. घाटी शब्द परत घेऊन येते.

---

तर्रीदार · मंगळवार, रात्री १०.२०

+१. आणि ते लग्नातलं पाणी वाचून हसावं की काय ते समजेना बाप्पा.

---

विश्वामित्रीवासी · बुधवार, सकाळी ८.०५

बडोद्याहून. आमची कथा वेगळी. तुमच्या गावांना बाहेरचे एका नजरेनं बघतात, आम्हाला दोन्ही बाजूंनी बाहेरचेच समजतात. गायकवाडांबरोबर आमचे पूर्वज इथं आले त्याला पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली. सयाजीराव महाराजांच्या काळात, म्हणजे १८७५ ते १९३९, आणखी घरं आली. इथं शेजारी आम्हाला 'मराठी माणूस' म्हणतात, तिखट खाणारे, मोठ्यानं बोलणारे. पुण्याला गेलो की आत्या म्हणते, आले आमचे गुजराती, आमटीत गूळ घाला! आमच्या घरी आजी भाजी 'समारायची', चिरायची नाही. तो शब्द गुजराती आहे हे मला पुण्यातल्या मावसभावंडांनी हसल्यावर कळलं.

आणि शेवउसळ. वाटाण्याचा पातळ रस्सा, वर शेव, पाव, कांद्याची पात, वेगळ्या वाटीत तर्री. महाराष्ट्रातून पाहुणे येतात, खातात आणि म्हणतात, मिसळच की, पण बिघडलेली. गुजरातच्या दुसऱ्या शहरातले येतात आणि म्हणतात, हे काय मराठी तिखट खाता! आम्ही दोघांनाही आणखी एक पाव देतो.

---

नुसताच_वाचक · बुधवार, सकाळी ८.४०

कबूल करतो, भांडण बघायला आलो होतो. 'प्रकाटाआ' सोडून काहीच हाती लागलं नाही. निराशा.

---

रंकाळाकाठ · गुरुवार, रात्री १०.५०

धागा काढला तेव्हा मी तक्रार करणारा होतो. तीन दिवस वाचून आता माझंही एक निघालं, ते सांगतो.

बंगळुरात येऊन मला सहा वर्षं झाली. इथं पहिल्या दिवसापासून मी 'साउथ इंडियन' हाच शब्द वापरतोय. माझ्या शेजारी बसणारी मुलगी बागलकोटकडची. तिला मी सहा वर्षं विचारत आलो, तुमच्याकडं सांबार कसं करतात, डोशाचं पीठ किती वेळ आंबवता? ती हसून काहीतरी उत्तर द्यायची. काल हा सगळा धागा डोक्यात होता म्हणून सहज विचारलं, की बाई, तुझ्या घरी रोज असतं काय? म्हणाली, भाकरी. मी म्हटलं कसली? म्हणाली, जोळद रोट्टी. ज्वारीची. बरोबर एण्णेगायी, म्हणजे वांगी चिरा देऊन शेंगदाणा-तिळाचा मसाला भरून तेलावर शिजवलेली. शेंगदाण्याची चटणी. कच्चा कांदा. दही. इडली-डोसा तिच्या घरी क्वचित, हौसेनं.

सहा वर्षं मी तिला डोशाबद्दल विचारत होतो हो. लुधियानाच्या पोरानं निदान जेवण तरी मागवलं.

आज दुपारी ती मला तिच्या नेहमीच्या खानावळीत घेऊन गेली. पाटी कानडी, मला वाचता येत नाही, तिनं वाचून दाखवली : खानावळी. शब्दसुद्धा आपलाच! आत लोखंडी बाकडी, भिंतीवर कुणा स्वामींचा फोटो. ताटात आलं ते भरलं वांगं, झुणक्यासारखं पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ, कडक भाकरी आणि कोपऱ्यात लाल चटणी. चव घेतली, तर आमच्या घरच्या चटणीची सख्खी बहीण. कांदा-लसूण नव्हतं, पण मिरची तीच. असणारच, ब्याडगी हावेरी जिल्ह्यातलं, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यातलं. आमचा तांबडा रस्सा ज्या मिरचीच्या जिवावर तांबडा आहे ती येते कर्नाटकातून, आणि मी बंगळुरात बसून 'आमच्या कोल्हापूरची चव इथं मिळत नाही' म्हणून धागा काढतो.

दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आईला फोन केला तर ती म्हणाली, "मग? गडहिंग्लजच्या पलीकडं काय वेगळं जेवतात होय?" तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

---

अथणीचा_पाहुणा · शुक्रवार, सकाळी ७.३०

रंकाळाकाठ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

मी अथणीचा. घरात कानडी, शाळा मराठी, बाजार दोन्हीत. आता मिरचीवर आलाच आहात तर पायातलंही सांगतो. 'कोल्हापुरी' चप्पल म्हणून जी जगभर जाते, ती आमच्या अथणीत, निपाणीकडं पिढ्यान्पिढ्या होते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. माझ्या गल्लीतले कारागीर तिला नुसतं चप्पल म्हणतात. ट्रकात बसून कोल्हापूरच्या पेठेत उतरली की ती कोल्हापुरी होते.

आमची तक्रार नाही. नाव तुमचं मोठं, माल जातो. पण अथणी म्हटल्यावर कुणीतरी एकदा तरी चपलेचं नाव काढावं, एवढं वाटतं. लोक विचारतात, ते सीमाभागात येतं ना? आणि पुढचं सगळं बोलणं राजकारणावर.

---

तर्रीदार · शुक्रवार, सकाळी ९.१०

एक प्रश्न राहिला. रंकाळाकाठ, त्या खानावळीत व्हेज कोल्हापुरी मिळते का?

---

रंकाळाकाठ · शुक्रवार, दुपारी २.२५

आज पुन्हा गेलो होतो, मुद्दाम विचारलं. मिळते. मालक म्हणाले, "तुमच्याकडचे लोक येतात म्हणून ठेवलीय."